घासेल त्याचा तळ

तिठ्यावरच्या त्या हॉटेलात जेवायला लोक चार-चार, पाच-पाच तासांचा प्रवास करून येतात. वाटेत खाण्याची काय वानवा आहे? पण यांना 'तळ'च खायचा असतो. साडेदहापासून बाहेरच्या बाकावर माणसं बसून राहतात, अकराला दार उघडतं आणि दीडच्या सुमाराला दारावर पाटी लागते, 'आजचा तळ संपला'. उशिरा पोचलेले लोक पाटीकडे असं बघतात की जणू घरातलं कुणी गेलं. मालक तेव्हा मुद्दाम बाहेर येतो, त्यांच्याबरोबर दोन मिनिटं हळहळतो आणि आत जाऊन खूश होतो. पाटी जितकी लवकर लागेल तितकी कीर्ती लांब जाते, एवढं त्याला बरोबर कळतं.

तळ म्हणजे दुसरं काही नाही, पातेल्याच्या बुडाला लागलेला भात. हाडांच्या रसात शिजलेला, बुडाशी खरपूस धरलेला, अखंड सोडवून तव्यावर चरबीत दोन्ही अंगांनी परतलेला, वर ठेचलेला लसूण आणि भरडलेली मिरी. घरी भात लागला तर सासू सुनेचा उद्धार करते. इथे त्याच लागलेल्या भातासाठी शिकलेसवरलेले लोक रांगेत उभे राहतात आणि पहिल्या घासाला डोळे मिटतात.

भिंतीवर बरीच वर्षं एका म्हातारीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की ही मालकाची आजी, आणि दुष्काळात तिने पातेल्याचा तळ खरवडून सात पोरं जगवली. लोक वाचायचे आणि गहिवरायचे. ती म्हातारी मालकाची कोणीही नव्हती. जुन्या बाजारात लाकडी चौकट विकत घेतली, तिच्यात ती आधीपासूनच होती. मालकाची खरी आजी चार नोकरांच्या हातचं खाऊन सुखाने गेली. भाताचं बूड तिने जन्मात पाहिलं नसेल.

तळाची खरी धनीण मागे मोरीत होती. हॉटेलाच्या मागच्या अंगाला तीन गजांची एक खिडकी, तिच्याखाली दोन दगडी टाक्या, एक बुटकं स्टूल आणि सांडपाण्याची गटार. त्या स्टुलावर मावशी सव्वीस वर्षं बसली. तिला मावशी म्हणायचे सगळे, मालकापासून भाजीवाल्यापर्यंत. सगळ्यांची मावशी म्हणजे खरं तर कोणाचीच नव्हे, पण हाक मारायला बरी पडते.

पहिल्या दिवशी ती कामावर आली तेव्हा पदराला, नव्हे कडेवर, दीड वर्षाची लेक होती आणि नवरा नुकताच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. भटारखान्यातला मुख्य आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, तिला म्हणाला, "पगाराचं मालक बघेल. माझा इथे एकच कायदा आहे. घासेल त्याचा तळ."

"म्हणजे?"

"म्हणजे पातेलं जो घासतो, बुडाला राहिलेलं त्याचं. मालकानेसुद्धा मागायचं नाही. माझ्या गुरूच्या वेळेपासून असंच आहे."

मावशीला हा कायदा फार आवडला. पगार हातात यायचा आणि निसटायचा; तळ मात्र रोज दुपारी हक्काने डब्यात पडायचा. कुणी म्हणालंच की बाई, लोकांचं उष्टं घरी नेतेस, तर ती फणकारायची. "ताटातलं ते उष्टं. पातेल्यातलं ते तळ. तळाला कुणाचं तोंड लागलेलं नसतं." हा फरक तिने लेकीलाही पढवला होता. त्या पोरीने दहा वर्षं तळ खाल्ला, पण उष्ट्याचा कण कधी खाल्ला नाही.

नुसता तळ चिवट लागायचा. म्हणून चार वाजता चुली विझायच्या आधी मावशी वस्तादाच्या तव्यावर थोडी चरबी टाकायची, तळ त्यावर दाबून परतायची, लसूण ठेचायची, मिरी भरडायची. वस्ताद कधीकधी एक तुकडा मागायचा. ती द्यायची, कारण तो मागायचा, घ्यायचा नाही.

आणि एके दिवशी तिने हात दाखवून अवलक्षण केलं. साडेतीनला सातजणांचं एक टोळकं आलं. गाडी बंद पडलेली, पोटात कावळे, आणि हॉटेलात भाताचं शीत उरलेलं नाही. मालक त्यांना परत पाठवायला निघाला तर त्यातला एकजण नाक वर करून म्हणाला, "मग हा वास कसला?"

वास मावशीच्या तव्याचा होता. मालक आत आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, भुकेलेली माणसं आहेत. बघा, तुम्हाला काय वाटतं ते."

मावशीला काय वाटणार? भुकेल्या माणसाला नाही म्हणायची तिची रीत नव्हती. तिने सातजणांना तळ दिला. इतकंच नाही, वस्तादाने विचारलं तसं चरबी किती, आच किती, उलटायचा कधी, तेही दाखवलं. लेक त्या संध्याकाळी पाव खाऊन निजली. आठवड्यात ते सातजण आणखी वीसजणांना घेऊन आले.

मग मालकाला मावशीची दया येऊ लागली. "मावशी, तुम्ही खरवड किती दिवस खाणार? माझ्या जिवाला बरं वाटत नाही. उद्यापासून तुमच्या डब्यात ताजा भात." सगळे म्हणाले, नशीब काढलंस. तिलाही दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी लेकीने डबा उघडला आणि विचारलं, "तळ कुठंय?" तेव्हा मावशीच्या लक्षात आलं की तिला काहीतरी मिळालेलं नाही, तिच्याकडून काहीतरी गेलेलं आहे. वस्ताद मान खाली घालून कांदा चिरत राहिला. कायदा त्याचा होता, पण चूल मालकाची होती.

तिने एकच मागितलं. अकरा पातेल्यांपैकी एकाचा तळ, सगळ्यात लहान पातेल्याचा. पहिल्यांदा मागितलं तेव्हा मालक म्हणाला, "सुट्ट्यांचे दिवस आहेत, गर्दी ओसरू दे." गर्दी ओसरायला हॉटेल बंद पडावं लागलं असतं. दोन वर्षांनी पुन्हा मागितलं तर म्हणाला, "एकाला दिला की बाकीचे मागतील." बाकीच्यांपैकी घासत कोण होतं? तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तो दुखावल्यासारखा झाला. "मावशी, तुम्ही घरच्या. घरचं माणूस असा हिशोब करतं का?" गोड बोलून गळा कापणारा माणूस वाईट, कारण गळा कापल्यावरही आपण त्याचे आभार मानत घरी येतो. मावशीने ते तीनदा केलं.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन सहा तासांवरच्या गावी गेली. मावशीच्या हातांचे तळवे राखेने फुटले आणि पाठ स्टुलाच्या आकाराची झाली. वस्ताद गुडघे गेले म्हणून भावाकडे राहायला गेला. जाताना मावशीला म्हणाला, "मी तेव्हा बोलायला हवं होतं." ती म्हणाली, "हवं होतं." दोघं पुन्हा भेटले नाहीत.

मग एक दिवस मालक मोरीच्या दारात येऊन उभा राहिला. एक बाई येणार होती, वही आणि कॅमेरेवाले घेऊन. कुठल्या गावी कुठला पदार्थ खायला मुद्दाम जावं, याचं ती पुस्तक करत होती. तिला फोटोतली आजी पुरत नव्हती. तळ करणारे खरे, म्हातारे, सुरकुतलेले हात हवे होते. मालकाच्या घरात असे हात कुणाचेच नव्हते.

"मावशी, एक दिवस तुम्ही आजीच्या सूनबाई व्हा."

"म्हणजे तुमची आई?"

मालक जरा विचारात पडला. "नको. आईला माझे लोक ओळखतात. काकू म्हणू. काकू बरं दिसतं."

"आणि पातेलं?"

"एक पातेलं तुमचं. रोज. माझा शब्द."

मावशीने हो म्हटलं. लोक तिला नावं ठेवतील तर ठेवोत. स्वतःच्याच पदार्थापुढे दुसऱ्याची सून होऊन बसायचं होतं, पण सोळा वर्षांनी पातेलं परत मिळत होतं. मालकिणीचे कपडे आले, केसांना तेल लागलं, नखांतली काजळी काढायला अर्धा तास गेला. आजीबद्दल काय सांगायचं ते मालकाने दोनदा म्हणवून घेतलं.

वहीवाली बाई आली. मावशी तव्यापुढे बसली आणि सगळं पाठ म्हटलं, दुष्काळ, सात पोरं, सासूबाईंची माया. पातेल्याला बाहेरून हलके तीन टोले दिले, कडेने उलथणं फिरवलं आणि तळ एका झटक्यात अखंड बाहेर काढला. कॅमेरेवाल्यांनी मान डोलावली. मालकाचा चेहरा फुलला. झालंच होतं सगळं.

पण पातेलं रिकामं झालं होतं. मावशीच्या हाताला रिकामं पातेलं तसंच ठेवायची सवय नव्हती. ती उठली, पातेलं उचललं, मालकिणीच्या कपड्यांनिशी मोरीत जाऊन स्टुलावर बसली आणि काथ्याने घासू लागली. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. वहीवाली तिच्यामागे दारापर्यंत आली.

"काकू, पातेलं तुम्ही स्वतः घासता?"

"मग? घासेल त्याचा तळ."

"म्हणजे काय?"

मावशीने वर पाहिलं. दारात वहीवाली, तिच्या खांद्यामागे पांढराफटक पडलेला मालक. थांबता आलं असतं. पण बाईने विचारलं होतं, आणि सोळा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. एक पातेलं घासून होईपर्यंत मावशीने सगळं सांगून टाकलं, वस्तादाचा कायदा, लेकीचा डबा, ते सातजण, ताजा भात, तीन वेळचं मागणं. जुन्या बाजारातली म्हातारीसुद्धा सोडली नाही. वहीवाली भराभर लिहीत होती. मावशीला वाटलं, गेली नोकरी; पण बरं वाटलं.

मालक मात्र हार मानणारा माणूस नव्हे. पातेलं विसळून होतंय तोवर त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "हेच," तो वहीवालीला म्हणाला, "अगदी हेच मी तुम्हाला शेवटी दाखवणार होतो."

महिन्याभरात जुनी म्हातारी चौकटीतून निघाली आणि तिथे मावशी बसली, मालकिणीच्या कपड्यांत, हातात पातेलं घेऊन. खाली मोठ्या अक्षरांत 'घासेल त्याचा तळ' आणि मावशीची हकिकत. तीत सातजण होते, वस्ताद होता, लेक होती. फक्त मालकाने तळ काढून घेतला हे नव्हतं. त्याऐवजी 'मावशींनी तो मोठ्या मनाने सर्वांसाठी खुला केला' असं होतं. पुस्तक निघालं आणि रांग दुप्पट झाली. मावशीला तीन आठवडे रोज एका पातेल्याचा तळ मिळाला. खायला आता घरी ती एकटीच होती. तरी ती रोज न्यायची.

पण लोक मोरीत डोकावू लागले. कुणी तिला पातेलं जरा वर धरायला सांगे, कुणी फुटलेल्या तळव्यांचा फोटो काढी. आणि एकजण मालकाला म्हणाला, "यांच्या नावावर चालवता आणि या वयात यांनाच घासायला लावता?"

चौथ्या आठवड्यात भांडी धुण्याचं मशीन आलं.

"मावशी, आता तुम्ही घासायचं नाही. शोभत नाही ते. आराम करा, घरी बसा."

"आणि माझं पातेलं?"

मालक हसला. मनापासून हसला, वाईट याचंच वाटतं. "मावशी, कायदा तुमचाच ना? घासेल त्याचा तळ. आता मशीन घासतं."

आजूबाजूचे वाढपीही हसले. मावशीही हसली, कारण चारजण हसत असताना आपणच गप्प राहिलो तर आपल्याला लागलंय हे दिसतं. भिंतीवरच्या फोटोची एक प्रत तिला भेट मिळाली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं, असं म्हणतात. धुपाटण्याचा निदान काही उपयोग असतो. तो फोटो तिने तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला.

एका गोष्टीच्या आधारावर मात्र ती ताठ होती. मशीनने घासलेल्या पातेल्यात तळ धरायचा नाही. पातेलं आतून लखलखीत करायचं नसतं. राख, काथ्या, आणि हात गोल फिरवायचा. बुडावरचा काळसर थर राखायचा, तरच भात अखंड सुटतो. हे तिला सव्वीस वर्षांच्या मनगटाने सांगितलं होतं. शेजारणीला ती म्हणायची, "बघच तू, दोन महिन्यांत लोक थुंकतील." दोन महिने गेले, सहा गेले, वर्ष गेलं. तिठ्यावरून येणाऱ्या प्रत्येकीला ती विचारायची, "गर्दी आहे का गं अजून?" गर्दी होती. "नावावर चालतंय," ती म्हणायची. "चव गेली असणार."

मग लेक बाळंतपणाला आली. सातवा महिना, तोंडाला चव नाही, पायांवर सूज. आल्या आल्या म्हणाली, "आई, बाकी काही नको. तुझा तळ खावासा वाटतोय."

मावशीने घरच्या पातेल्यात करून पाहिला. पहिल्यांदा करपला, दुसऱ्यांदा धरलाच नाही. चाळीस माणसांच्या भाताचं वजन असल्याशिवाय तळ बसत नाही, आणि घरात माणसं दोन. लेक म्हणाली, राहू दे. पण तिने ताट तसंच सरकवलं होतं, आणि ते मावशीला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हॉटेलाच्या मागच्या दाराशी गेली. मालक भेटला, भरभरून बोलला. "अहो मावशी, मागच्या दाराने काय येता? उद्या लेकीला घेऊन समोरून या, मानाने. टेबल तुमचंच आहे."

सव्वीस वर्षांत मावशी समोरच्या दाराने कधी आत गेली नव्हती. ती घरी येऊन हे दोनदा सांगत बसली.

सकाळी लवकरच निघाल्या, पण लेकीला दर शंभर पावलांवर टेकावं लागत होतं. पोचेपर्यंत दीड वाजून गेला. दारावर पाटी लागलेली होती. दारातला वाढपी नवा होता. नवेच होते सगळे.

"तळ संपला, आजी. उद्या लवकर या."

"मालकांनी बोलावलंय."

"ते सगळ्यांनाच बोलावतात."

"आहेत का ते?"

"नव्या शाखेत गेलेत." मग त्याचं लक्ष लेकीच्या पोटाकडे गेलं. माणूस वाईट नव्हता. "ताईंना आत बसवा थोडा वेळ. पाणी देतो."

दोघी भिंतीलगतच्या टेबलापाशी बसल्या. वर मावशीचा फोटो होता. फोटोतली बाई भरल्या अंगाची, नेटकी, तेल लावलेल्या केसांची. खाली बसलेली वाळलेली, घामाघूम. कुणी एकीवरून दुसरीकडे पाहिलं नाही. शेजारच्या टेबलावर एक नवराबायको जेवत होते. त्यांच्यापुढे मोठी थाळी होती आणि तीत तळाचा पाव हिस्सा उरला होता.

"तळासाठी आला होतात?" नवऱ्याने विचारलं. "चुकला तुमचा. आम्ही पाच तासांवरून आलोय, पण सार्थक झालं." त्याने फोटोकडे बोट केलं. "या बाई इथे पातेली घासायच्या. यांचाच हा पदार्थ. वाचण्यासारखं आहे. गेल्या वर्षी वारल्या म्हणे, तो वाढपी सांगत होता."

लेकीने तोंड उघडलं. मावशीने टेबलाखाली तिचा हात दाबला. फोटोकडे बोट करून 'ती मी' म्हणायचं, इतकंच होतं. पण ती मी असून मला तळ नाही, हेही मग सांगावं लागलं असतं.

"हो," मावशी म्हणाली. "मीपण ऐकलं तसं."

त्या माणसाच्या बायकोने लेकीकडे पाहिलं, मग आपल्या थाळीकडे. "राग मानू नका," ती हळूच म्हणाली आणि थाळी लेकीपुढे सरकवली. "आम्हाला जास्तच झालाय. अशा दिवसांत इच्छा मारू नये."

तळाच्या कडेला दातांच्या खुणा दिसत होत्या. मावशी थाळी परत करायला पुढे झाली. पण त्याआधीच लेकीचा हात पोचला होता. तिने तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, आणि पहिल्या घासाला डोळे मिटले.

मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वर्षभर जे ऐकायची ती वाट बघत होती, ते सांगू शकणारं जगात दुसरं माणूस नव्हतं.

"तोच आहे गं, आई," लेक म्हणाली. "अगदी तोच." आणि तिने दुसरा तुकडा मोडला.

मावशीने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाली, "सावकाश खा."